राजापूर गेलं कुठे? आणि खेडवाल्यांचा खासदार रायगडचा का?

जगबुडीकाठचा (धागाकर्ता)

गणपतीत गावी होतो. आरती झाली, ओटीवर गप्पा रंगल्या आणि यंदा पहिल्यांदा मतदान केलेल्या पुतणीनं विचारलं, "काका, जिल्हा रत्नागिरी, तालुका खेड, आमदार दापोलीचा आणि खासदार रायगडचा. आपण नक्की कुठले?" मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. मुंबईला परत येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात. मग जुने निकाल आणि मतदारसंघ फेररचनेचे आदेश काढून बसलो. जे सापडलं ते लिहितोय. चुकलं तर दुरुस्त करा.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याचे दोन मतदारसंघ होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. म्हणजे बाणकोटपासून पार गोव्याच्या हद्दीपर्यंत एकच जिल्हा. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. दोघेही काँग्रेसचे.

१९५७ पासून नावं बदलली. वरचा रत्नागिरी, खालचा राजापूर. आणि ही जोडी तब्बल ५१ वर्षं टिकली. २००८ च्या फेररचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं आणि 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' आला. रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ, सावित्री ओलांडून रायगडात टाकले. आमचं खेड शहर दापोली विधानसभेत, म्हणून आमचा खासदार रायगडचा.

एक गंमत सांगतो. जुन्या यादीत महाराष्ट्रातला १ क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ कोणता? राजापूर. आणि २ रत्नागिरी. मोजणी कोकणातून सुरू व्हायची. २००८ नंतर ती नंदुरबारपासून सुरू होते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ व्या क्रमांकावर आलाय.

---

तेरेखोल

बरा लिवलास रे. आमच्याकडे म्हातारी माणसां अजून 'बॅरिस्टर' इतक्याच म्हणतत, नाव घेवची गरज नाय.

राजापूरचा हिशोब पुढे मांडतो, आता प्रमाण मराठीत, नाहीतर घाटावरचे लोक तक्रार करतील.

बॅ. नाथ पै १९५७, १९६२, १९६७. प्रजा समाजवादी पक्ष. जन्म वेंगुर्ल्याचा. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात गेले, वय अवघं ४८. त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक होती. तिथे प्रा. मधू दंडवते उभे राहिले आणि आले. त्या निवडणुकीत इंदिरा लाटेत प्रजा समाजवादींचे देशभरातून दोनच खासदार निवडून आले होते, त्यातला एक राजापूरचा. दुसरे बंगालमधले समर गुहा.

पुढे दंडवते सहा वेळा निवडून आले. १९७७ ला रेल्वेमंत्री, १९८९ ला अर्थमंत्री. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत आले. मग १९९६ ते २००४ सुरेश प्रभू, सलग चार वेळा, शिवसेनेकडून.

---

चष्मेबद्दूर

@तेरेखोल, सहा नाही, पाच. १९७१, ७७, ८०, ८४, ८९. मोजून बघा.

---

तेरेखोल

खरं आहे, पाचच. आमच्या घरात दंडवते म्हटलं की एखादी जास्तच मोजतात.

---

चष्मेबद्दूर

मोजायला बसलोच आहे तर पुढचंही सांगतो, कारण हे मला स्वतःला आज जाणवलं. १९५७ ते २००४ राजापुरात १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. खासदार किती झाले? चार. पै, दंडवते, सावंत, प्रभू. बस्स. आणि त्या १३ पैकी काँग्रेसनं जिंकली फक्त एक, १९९१ ची. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसनं ४०० च्या वर जागा नेल्या, जनता पक्षाच्या हाती देशभरात १० आल्या, आणि त्या दहांत राजापूर होतं.

शेजारच्या रत्नागिरीत याच १३ निवडणुकांत सात खासदार झाले. एकच जिल्हा, एकच माणसं, तेच चाकरमानी, आणि वागणं बघा किती वेगळं.

---

वाशिष्ठी

रत्नागिरीची यादी मी देते, चिपळूणची असल्यामुळे हक्क आहे.

१९५७ प्रेमजी आसर, भारतीय जनसंघ. हे वाचून बरेच जण दचकतात. त्या लोकसभेत जनसंघाचे चारच खासदार होते. एक अटलबिहारी वाजपेयी बलरामपूरचे, आणि एक आमचे रत्नागिरीचे. (धुळ्याचे उत्तमराव पाटीलही त्या चौघांतलेच.) पण हे यश निव्वळ दिव्याचं (जनसंघाच्या चिन्हाचं) म्हणता येणार नाही. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, जनसंघ समितीसोबत होता. खाली समाजवादी नाथ पै आणि वर जनसंघाचे आसर, दोघे एकाच लाटेवर दिल्लीला गेले.

१९६२ आणि ६७ शारदा मुखर्जी, काँग्रेस. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या पत्नी. पुढे त्या आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. १९७१ शांताराम पेजे, काँग्रेस. १९७७ आणि ८० बापूसाहेब परुळेकर, जनता पक्ष. १९८४ हुसेन दलवाई, काँग्रेस. (नंतर राज्यसभेत गेलेले हुसेन दलवाई वेगळे, गल्लत नको.) १९८९ आणि ९१ गोविंदराव निकम, काँग्रेस. १९९६ पासून अनंत गीते.

१९८० चं कोणी बोलत नाही. इंदिरा गांधींच्या पुनरागमनाच्या निवडणुकीत कोकणातल्या या दोन्ही जागा जनता पक्षाकडे राहिल्या.

---

हर्णैचा मासा

सगळं ठीक, इतिहास छान. पण मूळ प्रश्न राहिला. दापोली रायगडात का? मी तर ऐकलंय की पुढाऱ्यांनी आपापल्या सोयीनं तुकडे पाडले. दापोलीहून अलिबाग म्हणजे काही घरचं अंगण नाही.

---

जगबुडीकाठचा

मीही तेच समजून होतो. आदेश वाचल्यावर मत बदललं. थोडं गणित करावं लागेल, कंटाळू नका.

फेररचना आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. कायदा २००२ चा, आधार २००१ ची जनगणना. राज्याच्या एकूण जागा बदलायच्या नव्हत्या, त्या १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या. म्हणजे महाराष्ट्राला ४८ खासदार आणि २८८ आमदार कायम, फक्त आतल्या रेघा नव्यानं मारायच्या. एका लोकसभेत सहा विधानसभा.

२००१ ला राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख. भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार. आता जिल्हे घ्या:

रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजार. भागाकार ५.०४. पाच आमदार.
सिंधुदुर्ग सुमारे ८ लाख ६९ हजार. भागाकार २.५८. तीन आमदार.
रायगड सुमारे २२ लाख ८ हजार. भागाकार ६.५६. सात आमदार.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठ. एका लोकसभेला लागतात सहा. दोन उरले. दक्षिणेला गोवा आणि पूर्वेला सह्याद्री, मग हे दोन जाणार कुठे? उत्तरेलाच. म्हणून दापोली, गुहागर रायगडात. तिकडे रायगडचे सात आणि हे दोन मिळून नऊ. त्यातले सहा (पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली, गुहागर) ठेवले, आणि उरलेले तीन, पनवेल, कर्जत, उरण, घाट चढवून मावळात नेले. तिथे पिंपरी, चिंचवड, मावळ हे तीन वाट बघत होतेच.

म्हणजे सगळी ढकलाढकली खालून सुरू झाली. सिंधुदुर्गाला जागा पुरेना, म्हणून रत्नागिरीनं रायगडला धक्का दिला आणि रायगडनं पुण्याला.

---

हर्णैचा मासा

हम्म. हे कोणी असं सांगितलं नव्हतं. पण आयोगावर आमदार-खासदार असतात ना? मग सोय बघितली नाही असं कसं म्हणता?

---

चष्मेबद्दूर

असतात, सहयोगी सदस्य म्हणून. प्रत्येक मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार. बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आणि कायद्यानुसार आयोगाचा अंतिम आदेश निघाला की त्यावर सहसा न्यायालयात जाता येत नाही. दबाव अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही. कुठलं महसूल मंडळ इकडे आणि कुठलं तिकडे, यात खूप काही घडू शकतं. पण दोन अख्खे मतदारसंघ उत्तरेला जाणं हा साधा भागाकार आहे.

---

वाशिष्ठी

मंडळांचा विषय निघालाच आहे तर चिपळूणचं ऐका. आमचा तालुका मधोमध चिरला. चिपळूण शहर चिपळूण विधानसभेत, तिथून रत्नागिरी-सिंधुदुर्गला मतदान. आणि तालुक्याची काही गावं गुहागर विधानसभेत, ती रायगडला. नदीच्या दोन काठांवरचे पाहुणे एकाच लग्नाच्या पंगतीला बसतात आणि खासदाराला शिव्या देताना कळतं की खासदार वेगळे.

संगमेश्वर तर नावानंच संपला. जुना संगमेश्वर विधानसभा मतदारसंघ मोडला. देवरुख चिपळूणला जोडलं, साखरपा राजापूरला. म्हणून लोक अजून 'राजापूर-लांजा-साखरपा' असं लांबलचक नाव घेतात. खेड मतदारसंघही गेला. खाली वेंगुर्ला, मालवण, देवगड ही नावं गेली आणि कणकवली, कुडाळ आली.

---

तेरेखोल

कणकवली-देवगड-वैभववाडी, कुडाळ-मालवण, सावंतवाडी-वेंगुर्ला-दोडामार्ग. आमच्याकडे अधिकृत नाव एक असतं आणि बोलायचं नाव तीन तालुक्यांचं. एखाद्या तालुक्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तिथलो माणूस रुसता.

---

फेरीबोट

मी मंडणगडचा. वाचनमात्र असतो, पण इथे राहवलं नाही.

'दापोलीहून अलिबाग' असं म्हणून लोक हळहळतात, पण आमच्यासाठी हे इतकं परकं नाही. वेसवीहून बागमांडल्याला बोटीनं पलीकडे गेलं की श्रीवर्धन तालुका. खाडीच्या दोन्ही बाजूंना नातीगोती आहेत. मला विचाराल तर सावंतवाडीच्या माणसाबरोबर एका मतदारसंघात असण्यापेक्षा श्रीवर्धनच्या माणसाबरोबर असणं सोयीचं. जिल्ह्याच्या रेघेला आपण फार डोक्यावर घेतो.

---

हर्णैचा मासा

बागमांडला ठीक. पण गुहागरच्या माणसाला विचारा. दाभोळची खाडी फेरीबोटीनं ओलांडायची, मग दापोली, मग बाणकोटची खाडी, तेव्हा कुठे रायगड जिल्हा सुरू. त्याला रत्नागिरी जवळ.

---

कुलाबकर

पलीकडच्या बाजूचाही कोणी विचार करा राव. आमचा मतदारसंघ 'कुलाबा' होता. पहिले खासदार चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिला तो याच कुलाब्याच्या माणसानं. नंतर शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) दि. बा. पाटील, रामशेठ ठाकूर, काँग्रेसचे अंतुले. जिल्ह्याचं नाव १९८१ ला रायगड झालं तरी लोकसभेचं नाव २००८ पर्यंत कुलाबाच राहिलं.

फेररचनेनं सगळ्यात मोठा फटका कोणाला दिला? माझ्या मते शेकापला. पनवेल आणि उरण त्यांचे बालेकिल्ले. ते मावळात गेले, आणि पेण-अलिबाग इकडे उरले. एका पक्षाची ताकद दोन मतदारसंघांत वाटली गेली. १९९८ आणि ९९ ला खासदार निवडून आणणारा पक्ष त्यानंतर लोकसभेत दिसलाच नाही. सगळं खापर रेघांवर फोडत नाही, पण रेघांनी हातभार लावला.

आणि नव्या रायगडात २००९ ला काय झालं? रत्नागिरीचे खासदार गीते इकडे आले आणि माजी मुख्यमंत्री अंतुल्यांना हरवलं. २०१४ ला गीते विरुद्ध सुनील तटकरे. फरक फक्त २,११० मतांचा! आणि तटकरेंच्याच नावाचा एक अपक्ष रिंगणात होता, त्यानं जवळपास दहा हजार मतं घेतली. बटण दाबताना किती जण फसले ते देव जाणे. २०१९ ला तटकरे ३१ हजारांनी आले, २०२४ ला ८२ हजारांनी. तिन्ही वेळा समोर गीतेच.

---

जगबुडीकाठचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गचेही चार निकाल लिहून ठेवतो.

२००९: नीलेश राणे (काँग्रेस) विजयी, सुरेश प्रभू पराभूत, फरक ४६,७५०.
२०१४: विनायक राऊत (शिवसेना) विजयी, नीलेश राणे पराभूत, फरक दीड लाखाच्या घरात.
२०१९: पुन्हा राऊत, पुन्हा समोर नीलेश राणे, या वेळी स्वाभिमान पक्षाकडून. फरक १,७८,३२२.
२०२४: नारायण राणे (भाजप) विजयी, राऊत (ठाकरे गट) पराभूत, फरक ४७,८५८.

२०२४ चा निकाल विधानसभानिहाय बघितला तर चमत्कारिक आहे. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या खारेपाटणच्या पुलावर उभं राहिलं की एका बाजूला मशाल, दुसऱ्या बाजूला कमळ. म्हणजे फेररचनेनं दोन जिल्हे एका पेटीत घातले, पण मतदारांनी आपली जिल्ह्याची रेघ पुसली नाही.

---

वाशिष्ठी

आणि १९५७ नंतर आमच्या मतांवर थेट जनसंघ-भाजप घराण्यातला खासदार व्हायला २०२४ उजाडलं. युतीत ही जागा धनुष्यबाणाची असायची. २०२४ ला मतदान यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच. आमच्या शेजारच्या आजींनी केंद्रातून बाहेर येऊन विचारलं, "बाण खंय गेलो?" (त्या मूळच्या कुडाळच्या.)

---

तेरेखोल

आज्येचो प्रश्न बरोबर आसा!

मला एक वेगळी शंका आहे. पै, दंडवते यांच्या काळात राजापूरची ओळख 'विचारानं मत देणारा मतदारसंघ' अशी होती. पुतण्याला हे सांगितलं तर तो हसतो. २००९ पासूनच्या चारही निवडणुका राणे आहेत की नाहीत या एकाच प्रश्नावर फिरल्या. मतदारसंघ मोठा झाला की माणूसच मोठा लागतो, विचार पुरत नाही, असं काही असतं का?

---

चष्मेबद्दूर

मला हे पटत नाही. बदल १९९१ आणि ९६ मध्येच झाला होता, तेव्हा रेघा जुन्याच होत्या. गिरणी संपानंतर मुंबईतला चाकरमानी बदलला आणि गावात पत्रं, पैसे आणि पक्ष तिघेही मुंबईतूनच यायचे. लालबाग-परळमध्ये जे झालं ते दोन-चार वर्षांनी गावात झालं. दंडवत्यांचा पाया मुंबईच्या कामगार वस्तीत होता, तोच हलला. फेररचनेला सतरा वर्षं उशीर झाला म्हणा हवं तर.

---

जगबुडीकाठचा

चाकरमान्यांवरून शेवटचं गणित. हे मी काल रात्री केलं आणि झोप उडाली.

२०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख झाली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची घटली. रत्नागिरी १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्ग साडेआठ लाख. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. पुरुष कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

आता २८८ नंच भागा. एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. रत्नागिरीचा भागाकार ४.१४, सिंधुदुर्गचा २.१८. चार आणि दोन, सहा. बरोब्बर एक लोकसभा.

म्हणजे २०११ चे आकडे धरले असते तर दापोली आणि गुहागर परत आले असते आणि दोन्ही जिल्हे अखंड एका मतदारसंघात बसले असते, दोन आमदार गमावून. पुढची फेररचना नव्या जनगणनेवर होईल आणि एकूण जागाही तेव्हा बदलू शकतात, त्यामुळे पैज लावू नका. पण पुतणीला आता उत्तर देता येईल. आपण रायगडात गेलो कारण माणसं थोडी जास्त होती. परत यायचं तर माणसं कमी व्हायला हवीत. आणि ती होतायत.

---

फेरीबोट

हे वाचून परत यावंसं वाटत नाही.

---

हर्णैचा मासा

दोन आमदार घालवून एक खासदार पुरा करायचा. महाग पडेल.

---

वाशिष्ठी

समजा झालंच तसं, तर नाव काय ठेवायचं? 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग'च?

---

तेरेखोल

राजापूर ठेवा. नकाशात बरोबर मध्ये पडतं. आणि तिथली गंगा तरी कुठे कायम असते? जाते, मग कधीतरी अचानक परत येते.